लाडू भरून परत गेलेली चांदी

जर्मनीत एर्लांगेनला आमच्या खालच्या मजल्यावर एक जर्मन आजी एकट्याच राहायच्या. त्यांची आई इंग्लंडची, कुठल्याशा लॉर्डच्या घराण्यातली. त्यामुळे आजींचं कपाट जुन्या इंग्लिश चांदीनं भरलेलं. मेजवानीत भाजी गरम राहावी म्हणून झाकणाची जाडजूड भांडी, लांब चोचीचं सॉसचं भांडं, मासा वाढायचं नक्षीदार उलथनं आणि फक्त श्पार्गेलचे, म्हणजे अ‍ॅस्परॅगसचे, कोंब उचलायला एक आख्खा चिमटा! "लॉर्ड लोकांना दुसरा कामधंदा नव्हता वाटतं," असं माझ्या सासूबाईंचं स्पष्ट मत होतं.

सासूबाई त्या उन्हाळ्यात पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या आणि आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. एका दुपारी बेल वाजली. दारात आजी, हातात झाकणाचं चांदीचं भांडं, आत सफरचंदाचा केक. भांडं माझ्या हातात ठेवून त्या लाजल्यासारख्या हसल्या आणि काही न बोलता जिना उतरून गेल्या. केक आम्ही फस्त केला. भांडं धुऊन मी परत द्यायला निघाले, तर सासूबाई कडाडल्या.

"अगं, रिकामं नेतेस? काय म्हणतील त्या!"

लगेच बेसन भाजायला घेतलं. भांडं लाडवांनी भरून खाली गेलं. आजींनी ते घेतलं, पण त्यांचा चेहरा जरा पडलाच. मला वाटलं, डॉक्टरांनी गोड बंद केलं असेल.

पुढच्या आठवड्यात सॉसचं भांडं आलं, घरच्या जॅमनं भरलेलं. ते शेंगदाण्याची चटणी घेऊन परत गेलं. मग रुमालात गुंडाळलेलं माशाचं उलथनं आलं. आता उलथन्यात काय भरणार, डोंबल? सासूबाईंनी त्याच्यासोबत शंकरपाळ्यांचा डबा धाडला. आजी दरवेळी आणखी उतरलेल्या दिसायच्या.

"त्यांना माझ्या हातचं आवडत नाहीये," सासूबाई हिरमुसून म्हणाल्या.

मग एक दिवस आजी मला जिन्यातच भेटल्या. त्या सीनियोरेनहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, राहायला चालल्या होत्या. तिथली खोली लहान. शनिवारी चांदीचा व्यापारी येणार होता.

"सगळं वितळवणार म्हणाला," आजींनी सांगितलं.

"अहो, इतकी सुंदर भांडी! मुलांना द्या ना!"

"मुलांना विचारून झालं. डिशवॉशरमध्ये घालता येत नाहीत, म्हणून नकोत. मग वाटलं, तुमच्याकडे सगळे रोज एकत्र जेवायला बसतात. पुन्हा तोंडानं विचारायची हिंमत होत नव्हती, म्हणून एकेक देऊन पाहिलं. तुम्ही प्रत्येक वेळी परत केलंत. आल्झो, तेव्हा काय ते मी समजले."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला भडभडून आलं. मी काहीतरी पुटपुटत होते तोवर त्या घरात गेल्यासुद्धा.

वर येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"अगं बाई! म्हणजे आपण त्यांना नको नको म्हणत होतो? लाडू भरभरून?"

"मी जाऊन समजावते, आई."

"तू नको. मी जाते."

"अहो, तुम्हाला जर्मन कुठे येतं?"

"तुला येतं ना? काय उजेड पडला?"

त्यांनी ठेवणीतली साडी नेसली आणि जिना उतरू लागल्या. मी मागोमाग. आजींनी दार उघडलं. आयुष्यात शेजारणीकडे कधी वाटीभर साखर न मागितलेल्या माझ्या सासूबाईंनी खांद्यावरचा पदर पुढे घेतला आणि दोन्ही हातांनी आजींच्या समोर पसरला.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण आजी केव्हाच आत वळल्या होत्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. त्यांनी पदरात आधी झाकणाचं भांडं ठेवलं, मग सॉसचं, मग उलथनं. पुन्हा आत गेल्या, पुन्हा आल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि हात काही थांबत नव्हते. पदर ओझ्यानं पार खाली आला.

"आई, बास, साडी फाटेल!" मी म्हणाले.

"फाटू दे," सासूबाई म्हणाल्या. "देऊ दे त्यांना."