दुपदरी भिंतीतली हवा

पाळण्यामागच्या भिंतीवर काळसर ओल चढली होती. पाळण्यातली तान्ही मुलगी खोकत होती. "सर, रोज पुसते, रोज उगवते," तिची आई म्हणाली.

विटांच्या दोन थरांच्या या दुपदरी भिंतीतून बाष्प कसे जाईल याचे गणित अभियंता म्हणून माझेच, हे मी तिला सांगितले. मधल्या पोकळीतली हवा मी स्थिर मानली होती. बांधकामाच्या वेळी गवंड्याने विचारले होते, "साहेब, खाली भोकं ठेवू? पाण्याला वाट हवी." "पाणी येईलच कुठून?" म्हणत मी हसलो होतो.

न दिसणारे सारे स्थिरच असते, असे मी आयुष्यभर सोयीने मानले. हवा मात्र घरातली वाफ उचलून थंड विटांवर निमूटपणे ठेवीत राहिली.

"पाळणा समोरच्या भिंतीकडे घ्या," मी म्हणालो.

"तीही तुमच्याच गणिताची ना, सर?"