भाताच्या शिवारातली यॉट

फायबरचं काम केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. त्याची भुकटी एकदा अंगाला लागली की आंघोळ करा, कपडे बदला, खाज काही जात नाही. आमच्या शेडमधल्या किश्शांचं तसंच आहे. मी मुळात कमी बोलणारा, आणि बोलतो तेही सावकाश. "नाना बोलेस्तवर पॉलिश सुकतं!" असं आमचा पांडू सुतार म्हणायचा. पण चार माणसं जमली, चहा आला, की हे किस्से आतून खाजवायला लागतात.

शेड होती आसनगावजवळ, किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला. चारही बाजूंना भातखाचरं. मालक वसंतशेठ. आम्ही दहा-पंधरा जण, सगळे शहापूर-मुरबाडकडचे. मी पॉलिशवाला. शेडमध्ये आम्ही फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि दरवाजे बनवायचो. नव्वदनंतर टाक्यांच्या धंद्यात मोठ्या कंपन्या उतरल्या आणि आमचं काम आटत चाललं.

अशात मुंबईचे एक साहेब बंगल्यासाठी टाकी बघायला आले. टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "फिनिशिंग छान आहे. मला एक यॉट बांधून द्याल?"

यॉट म्हणजे काय, हे आम्हाला माहीत नव्हतं. शेठनाही बहुतेक नसावं. पण ते लगेच म्हणाले, "फायबरचीच ना? देऊ की!"

साहेब गेल्यावर शेठनी कॅटलॉगातलं चित्र दाखवलं. पांढरीशुभ्र, टोकदार, दुमजली बोट. आत हॉल, बेडरूम, किचन. पांडू घाबरला. "शेठ, आमी टाक्या बनवणारी माणसं. आमी समुद्रात कदी पाय नाय घातला."

शेठ म्हणाले, "अरे, टाकीत पाणी आत ठेवायचं, बोटीत बाहेर ठेवायचं. एवढाच फरक!"

नकाशा मुंबईच्या एका इंजिनियरने काढून दिला. साहेबांची अट एकच. समुद्रात ट्रायल होणार. पसंत पडली तर बोट त्यांची, नाहीतर परत शेडमध्ये. शेठनी होतं नव्हतं ते त्या बोटीत घातलं आणि आम्हाला सरळ सांगून टाकलं, "ही परत आली तर शेडला कुलूप." कुलूप म्हणजे आम्ही पुन्हा डबे घेऊन कामाच्या शोधात कल्याणच्या पुढे. त्या दिवसापासून प्रत्येक जण त्या बोटीकडे घरच्या दुखण्याकडे बघावं तसं बघायला लागला.

* * *

साहेब आणि मॅडम दर रविवारी यायचे. साहेबांना बोट दिसायला देखणी हवी, मॅडमना वापरायला सोयीची. त्यामुळे रविवारी आमची करमणूक व्हायची.

साहेबांना हॉलच्या मधोमध गोल सोफा, काचेचं टेबल आणि त्यावर उंच फुलदाणी हवी होती. मॅडम म्हणाल्या, "समुद्र हलतो. फुलदाणी पाहुण्यांच्या डोक्यात पडेल."

"एवढं काही हलत नाही," साहेब म्हणाले.

शेठना कुणालाच नाराज करायचं नव्हतं. ते म्हणाले, "हलवून बघू या."

आम्ही प्लायवूडची एक केबिन ठोकली आणि ट्रकच्या जुन्या टायरांवर ठेवली. आत भाताची पोती गोल लावून सोफा केला, मधे खोक्यावर फुलदाणी ठेवली. चारही बाजूंनी बांबू घालून गडी उभे राहिले. साहेब आत जाऊन पाय पसरून बसले.

पांडूने बाहेरून विचारलं, "साहेब, लाट बारीक लावू का मोठी?"

"लाव मोठी!"

आता आमची माणसं सुगीत भाताचे भारे वाहणारी. त्यांनी 'हैशा' म्हणत जी लाट लावली, तिच्या पहिल्याच झटक्याला फुलदाणी गेली. मागोमाग साहेब पोत्यावरून घसरले. आतून ते "थांबा, थांबा!" ओरडत होते, पण आमच्या हैशापुढे कुणाला ऐकू जातंय? बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक. तडक बांधावर जाऊन ओकले.

शेजारच्या खाचरातले काका धावत आले. "काय झालं रे?"

"काय नाय काका," पांडू म्हणाला. "साहेबांना समुद्र लागला!"

आसनगावात!

गोल सोफा गेला, भिंतीला टेकलेला आला. टेबल बोल्टने जमिनीला आवळलं. फुलदाणी मात्र साहेबांनी सोडली नाही. तिला बसायला टेबलात भोक पाडून दिलं.

* * *

इंजिनाचं काम कोंडाजीकडे. तो घाटाखालच्या वैशाखऱ्याचा. माळशेज घाटात बंद पडलेले ट्रक दुरुस्त करून त्याचा हात तयार झालेला. साहेबांना मोठी दोन इंजिनं हवी होती, मागे पांढरा फेस कसा उसळला पाहिजे! मॅडमना एकच पुरे वाटत होतं.

कोंडाजीने विचारलं, "साहेब, समुद्रात चढ असतो का?"

"नसतो."

"मग दोन इंजिनं कशाला? आमचा ट्रक एका इंजिनावर माळशेज चढतो."

मॅडम खूश! "हेच मी इतके दिवस सांगतेय."

साहेब कोंडाजीकडे वळले. मग म्हणाले, "कोंडाजी, घाटात ट्रक बंद पडला तर काय करतोस?"

"चाकाला दगड लावतो."

"समुद्रात दगड कुठे लावू?"

कोंडाजीने पान्याने डोकं खाजवलं. बराच वेळ खाजवलं. मग मॅडमकडे वळून म्हणाला, "ताई, दोन पायजेतच!"

* * *

गाद्या-उशा शिवायला किन्हवलीची ताराबाई यायची. बाई फटकळ, पण टाका असा घालायची की शोधून सापडू नये. साहेबांनी तिच्यापुढे पांढऱ्या लेदरचा तुकडा टाकला. सगळी बोट आतून अशी पांढरी हवी.

ताराने विचारलं, "साहेब, पांढरं बसायला का बघायला?"

"दोन्हीला."

"बरं," ती म्हणाली आणि तो तुकडा घेऊन गेली.

तिने त्याची बैठक शिवली आणि आठवडाभर आम्हाला जेवायला तिच्यावरच बसवलं. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, कुणाचं तेलकट लोणचं. मला तर घास जाईना. पांढऱ्यावर बसून जेवायची सवय नाही. तारा वरून दटावायची, "नाना, अंग चोरून नको बसूस. पाव्हण्यासारखा बस!"

रविवारी साहेबांनी ती बैठक पाहिली. "अरे, हे काय करून ठेवलंत?"

"ही नुसती आमची जेवणं, साहेब," तारा म्हणाली. "तुमचे पाव्हणे अजून बसायचे हायेत!"

* * *

मॅडम सगळ्या बाबतीत व्यवहारी, पण देवाच्या बाबतीत त्यांची एक हौस होती. बोटीत सागवानी देव्हारा हवा, आणि देवाचं तोंड पूर्वेलाच हवं.

पांडूने जीव ओतला. बारीक महिरप, कळस, घंटेला कडी. मी सलग पॉलिश मारत होतो. सकाळचं ऊन कुठून येतं ते बघून त्याने देव्हारा पूर्वेच्या तोंडाने पक्का बसवला. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. शेठनी पेढे आणले.

दुपारी ट्रेलरवाला मापं घ्यायला आला. बोटीभोवती फिरला आणि म्हणाला, "नाक आत्ता डोंगराकडे आहे. चढवताना रस्त्याकडे फिरवावं लागेल."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. पहिल्यांदा कोंडाजीच्या लक्षात आलं. "पांडू, बोट फिरली की देव पण फिरणार रे!"

पांडू मटकन खाली बसला. आयुष्यभर घरांतले देव्हारे केलेले. "घर कदी फिरतं का? मला काय ठाव!" तो त्या दिवशी जेवला नाही. ताराने त्याचा डबा उघडून पुढे ठेवला, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कोंडाजीकडून ट्रकचं एक जुनं बेअरिंग मागून घेतलं. देव्हारा उतरवला, खाली बेअरिंग बसवलं, वर पुन्हा ठेवला. बोटाने ढकलला की गुळगुळीत फिरायचा, आणि कडी लावली की जागच्या जागी.

मॅडमना तो म्हणाला, "ताई, बोट कुठं बी वळवा. पूजेच्या टायमाला देव तेवढा उगवतीकडं फिरवून घ्या."

साहेबांनी देव्हारा एकदा फिरवला. मग पुन्हा फिरवला. म्हणाले, "गोल सोफा नाही मिळाला, पण गोल देव्हारा मिळाला!"

* * *

बोट निघायचा दिवस उजाडला. भातकापणी चालू होती. ट्रेलरवर बोट चढवली, साखळ्या आवळल्या. धूळ बसू नये म्हणून शेठ वरून एक जुनी ताडपत्री टाकायला लागले.

"माझ्या बोटीवर ही ठिगळं?" साहेब म्हणाले. "उघडीच जाऊ दे. हायवेवर लोकांना दिसू दे!"

"मुंबईला पोचेस्तोवर मातीची होईल," मॅडम म्हणाल्या.

दोघांचं सुरू झालं. एरवी आम्ही मजा बघितली असती. त्या दिवशी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. ट्रायल पास होईल का, एवढंच प्रत्येकाच्या मनात. पांडू एका हातात उरलेली साखळी धरून दुसरा हात बोटीच्या बुडावरून फिरवत होता. ते बूड मी घासलेलं होतं. कुठे खोट दिसेल म्हणून मी तिकडे बघत नव्हतो.

इतक्यात बांधावरून ताराबाई आली. मागे शेजारच्या खाचरांतल्या बाया, कापणी सोडून आलेल्या. कमरेला विळे खोचलेले, केसांत भाताचा पेंढा. ताराच्या हातात ताट. नवा तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू.

शेठ गडबडले. "तारा, हे काय मधेच?"

"काय म्हंजे? आमच्या शिवारातली पोर सासरला चालली. मोकळ्या ओटीनं धाडायची?"

तिने पुढे होऊन बोटीच्या पांढऱ्याशुभ्र नाकाला हळदकुंकू लावलं. बोटं उमटली. शेठनी डोळे मिटून घेतले. 

मग ताराने तांदळाची ओंजळ भरली आणि ती थबकली. "अगो बायांनो, हिचा पदर कुठाय?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. बोटीला पदर कुठून आणायचा? मॅडमही पँट-शर्टमध्ये. त्या उगाचच शर्टाचं टोक ओढून बघत होत्या.

साहेब वाकले. त्यांनी खाली पडलेली ताडपत्री उचलली, तिची एक कड बोटीच्या कठड्याला बांधली, आणि दुसरी कड दोन्ही हातांत पदरासारखी धरून ताराच्या पुढे उभे राहिले.

"अगो, पुरुषमाणूस ओटी घेतंय!" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब हलले नाहीत. एकेकीने ओंजळ टाकली. नारळ पडला तेव्हा त्यांचे हात एकदम खाली गेले. त्यांनी ते सावरले.

हसणं थांबलं. शेठना राहवलं नाही. अगदी हलक्या आवाजात ते म्हणाले, "साहेब, ही परत तर नाही ना येणार?"

साहेब तांदूळ सांडू नये म्हणून ताडपत्रीला गाठ मारत होते. मान वर न करता म्हणाले, "येईल की."

पांडूच्या हातातली साखळी खाली पडली.

"दर पावसाळ्यात," साहेब म्हणाले. "माहेरपणाला."