मखमलीची लव

पडद्यांच्या कारखान्यात तिला सगळे टाकेबाई म्हणत. एकतीस वर्षं तिने नाट्यगृहांचे मखमली पडदे शिवले. मखमलीची लव एकाच दिशेला झुकलेली असते. एक पट्टा जरी उलटा लागला, तरी उजेडात तो काळपट दिसतो. नव्या मुलींकडून ही चूक झाली की टाकेबाई डोळे मिटून पट्ट्यावर हात फिरवायची आणि म्हणायची, "खाली जाताना मऊ, वर येताना अडतं. एवढंही कळत नसेल तर पिशव्या शिवा."

निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने दिलेला मरून मखमलीचा तुकडा नऊ वर्षं ट्रंकेत पडून होता. तो बाहेर निघाला, कारण शनिवारी ताई जाणार होती. दोघी बहिणी जन्मभर एकत्र राहिल्या. पण पडल्यापासून ताईला उठवायला दोन माणसं लागत आणि घरात होतं एकच, तेही सत्तरीला टेकलेलं. भाच्याने वृद्धांच्या एका संस्थेत खाट मिळवली होती. ताईने एवढंच मागितलं, "तिथे गारठा असतो म्हणे. मनगटापर्यंत बाह्यांचं एक जाकीट शिवून दे. तुझ्या हातचं."

बुधवारी टाकेबाईने कापड बेतलं. खडूच्या खुणा उलट्या बाजूवर करायच्या, म्हणून लव खाली, टेबलाकडे. कापड बेताचंच, त्यामुळे एकेक भाग इकडेतिकडे फिरवून बसवावा लागला. प्रत्येक वेळी सवयीने तिने खालून हात फिरवला. बोटं काहीच बोलली नाहीत. साखरेच्या आजाराने ती वर्षभर बधिर होत चालली होती. मागे इस्त्रीचा चटका बसला तोही वासावरून कळला होता. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. अंदाज बांधला आणि कात्री चालवली.

रात्री मिणमिणत्या दिव्यात शिवलेलं जाकीट तिने गुरुवारी सकाळी खिडकीत अडकवलं.

"कसं वाटतंय?"

ताई उशीवरून बघत राहिली. "उजवी बाजू कुणाच्या मयताला निघालीय का गं?"

टाकेबाईने पाहिलं. डावी बाजू मरून, उजवी जवळजवळ काळी.

"कापड उरलंय?"

"चिंध्या."

"मग राहू दे. तिथे कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!"

"इकडे ये. हात दे." ताईने तिचं बोट धरलं, गादीवरची टाचणी उचलली. "टोचलं?"

"टोच तर आधी."

ताईने टाचणी खाली ठेवली. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला होता.

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

"आणि बोलली नाहीस. शहाणीच आहेस. उसव ते. कात्री तुझी, हात माझा."

टाकेबाईने जाकीट उसवलं. एकच वाट होती. दोन्ही बाह्या मोडून, जोड देऊन उजवी बाजू नव्याने करायची, जोडावर खिशाची पट्टी बसवायची आणि उरल्यासुरल्यातून, तसंच फसलेल्या भागातून, आखूड बाह्या काढायच्या. प्रत्येक तुकडा ती ताईच्या पोटावर पसरायची. ताई हात फिरवायची आणि मागच्या बाजूला खडूने बाण काढायची. दोन दिवस खडूने पांघरूण पांढरं झालं.

"हा?"

"खाली."

"नक्की?"

"एवढंही कळत नसेल तर पिशव्या शिवीन," ताई म्हणाली. टाकेबाई हसली, पण डोळे पुसायला तिला पदर लागला.

शनिवारी भाचा गाडी घेऊन आला. जाकीट आता एका रंगाचं होतं, जोडही दिसत नव्हता. बाह्या मात्र कोपरापर्यंतच. भाचा आणि ड्रायव्हर ताईला खुर्चीसकट खाली नेत होते, तेव्हा तिने उघडे हात काखेत धरले होते. "फर्स्टक्लास झालंय," ती जिन्याच्या वळणावरून म्हणाली. तिथून पुढे ती दिसली नाही.

टाकेबाई वर आली. टेबलावर एक वीतभर तुकडा उरला होता. त्याच्यावर बाण नव्हता. तिने डोळे मिटून हात खाली नेला, मग वर आणला. पुन्हा खाली, पुन्हा वर. दोन्हीकडे सारखंच. "ताई, हा कसा गं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

तिने मशीनवर झाकण घातलं आणि पलंगावरचं पांघरूण झटकायला घेतलं.