तोफेमागचा लेस्टर

लेस्टर पेलिसरचं घराणं अडीचशे वर्षांपूर्वी स्पेनजवळच्या मिनोर्का बेटावरून फ्लॉरिडात आलं आणि सेंट ऑगस्टिन गावचंच होऊन राहिलं. ही कथा लेस्टर कुणालाही, कुठेही ऐकवायचा. गावातला किल्ला मात्र त्याने आतून एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत. तेव्हाही सगळं लक्ष खाऊच्या डब्यात. पुढची चाळीस वर्षं कोळंबीच्या होडीवर गेली. समुद्रातून किल्ला दिसला की घर जवळ आलं, एवढंच त्याचं इतिहासाचं ज्ञान. "नाव मोठं, लक्षण खोटं," असं तो स्वतःच म्हणायचा.

गुडघ्यांनी दगा दिला तशी होडी विकली, आणि लेस्टर स्वयंपाकघरात उभा राहून बायकोला कोळंबीभात शिकवू लागला. रमोनाने चार दिवस सोसलं, मग डाव आपटला.

"जगभरातून माणसं हे गाव बघायला येतात, लेस्टर. तू जन्मभर इथे राहून काय बघितलंस? ऊठ, जा, बघून ये!"

किल्ल्यावर दर शनिवारी जुन्या स्पॅनिश शिपायांच्या वेशात तोफ डागून दाखवत. हौशी माणसं हवीच होती. त्यांची म्होरकी डोरीन, खणखणीत आवाजाची.

"माझ्या अंगात स्पॅनिश रक्त आहे," लेस्टरने छाती फुगवली.

"भाषा येते?"

"रक्तात आहे."

"तोंडात आली असती तर बरं झालं असतं," म्हणत डोरीनने सगळ्यात मोठा लोकरी कोट त्याच्या हाती दिला. कोट कसाबसा बसला. विजारीची बटणं श्वास रोखून लावावी लागली.

आरशासमोरचं ते ध्यान बघून रमोना म्हणाली, "छान! शत्रू हसूनच मरेल. दारूगोळा वाचला."

पहिल्या शनिवारी लेस्टरने सगळ्या गोतावळ्याला बोलावलं होतं. मेहुणा फ्लॉइड तर पुढची जागा धरून बसला. तटावर ऊन मी म्हणत होतं. डोरीन स्पॅनिशमध्ये हुकूम सोडत होती आणि लेस्टर शेजारच्याकडे बघून तसंच करत होता, परीक्षेत कॉपी केल्यासारखं. शेवटी तोफेत दारू ठासायचा दांडा खाली ठेवायला तो वाकला. काहीतरी तटकन तुटलं. तेवढ्यात तोफ धडाडली.

धूर विरला तेव्हा समुद्राकडे कुणीच बघत नव्हतं. लेस्टरची विजार घोट्यांवर होती, आणि रमोनाने नाताळात दिलेली, लाल खेकड्यांच्या नक्षीची चड्डी साऱ्या जगासमोर. हुकमाशिवाय हलायचं नाही, असं बजावलेलं. त्यामुळे तो ताठ उभा. आणि डोरीनला 'विजार वर घे'ला स्पॅनिश शब्दच सुचेना!

"अगं, स्पॅनिशमध्ये नाही तर नाही, इंग्रजीत तरी सांग बाई!" असं काही ओरडायची त्याची छाती झाली नाही. टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

खाली आल्यावर फ्लॉइड म्हणाला, "अडीचशे वर्षांत पेलिसरांचं एवढं नाव झालं नव्हतं, दाजी."

लेस्टर तोंड लपवायला भिंतीआड गेला, तर ओहायोहून फिरायला आलेली एक म्हातारी फोटो काढायला मागोमाग आली.

"तुम्ही मूळचे कुठले?"

"इथलाच."

"चला, काहीतरीच! फ्लॉरिडात सगळे बाहेरूनच आलेले, इथलं कुणी असतं का?"

त्या रात्री रमोनाने जाळं विणायच्या दोऱ्याने बटणं शिवली. लेस्टर आधी म्हणाला, पुन्हा जाणार नाही. मग जरा वेळाने म्हणाला, "दोरा दुहेरी घे."

होडीवर चाळीस वर्षांत पेलिकन पक्ष्यांखेरीज कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आज शेकडो माणसांनी पाहिलं. हसूनच, पण पाहिलं. पुढच्या शनिवारी तो सगळ्यांच्या आधी तटावर हजर होता.