मोठीमायची पायवाट

भाच्याचा, विलासचा, फोन आला तेव्हा मी नागपूरच्या घरी मेथी निवडत बसले होते. "आत्या, मोठीमाय गेली... सकायी उठलीच नाई." मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी, पण सारं गाव तिला याच नावानं हाक मारायचं. नव्वदी ओलांडली होती तिनं. पिकलं पान गळायचंच, असं भेटायला आलेले लोक समजुतीनं म्हणाले. मला त्या समजुतीचा रागच आला. पान पिकलं म्हणून झाडाला काही वाटत नसेल, हे यांना कोणी सांगितलं?

आमची शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यातली. माणूस दारात आलं की लोक आधी त्याचा चेहरा बघतात. मोठीमाय मला बाजेवर बसवायची, माझा पाय आपल्या मांडीवर घ्यायची आणि तळव्यावरून हात फिरवायची. मी सत्तरी गाठली तरी तिची ही तपासणी चुकली नाही. त्या दिवशीही तिनं पाय चाचपला आणि करवादली, "तळवे नरम पडले तुये. घरातबी चपला घालून राह्यली का वं?"

"फरशीवर अनवाणी चालून काय मिळणार, मोठीमाय?"

"हे बाकी खरं. फरशी म्हंजे आंधयी जमीन. तिले काईच सांगता येत नाई."

हे ती मला सांगत होती... आणि मी आंधळी. आम्ही दोघी खूप हसलो.

माझे डोळे देवीच्या साथीत गेले, पन्नासच्या दशकात. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्याला चांदाच म्हणत. आमचं गाव मूल नावाच्या शहराजवळ, धानाच्या पट्ट्यातलं. मी सहा वर्षांची होते. साथीतून वाचले याचा घरात इतका आनंद झाला, की मला पुन्हा काही होऊ नये म्हणून सगळ्यांनी मिळून मला बाजेवर बसवून टाकलं. आई घास भरवायची. बाबा उचलून न्यायचे. भाऊ कडेवर घेऊन दंडारीचं नाटक दाखवायला, म्हणजे ऐकवायला, न्यायचा. लाडाला तोटा नव्हता. पण वर्षभरात माझे पाय काटक्यांसारखे झाले आणि उभं राहिलं की मला भीती वाटायला लागली. भावंडं सकाळी परसातून शाळेत जायची. कुंपणाच्या दाराची बांबूची ताटी कुरकुरत उघडायची, बंद व्हायची, आणि मागे मी उरायची.

परसात विहीर होती आणि तिला कठडा नव्हता. बाबांचं सगळं म्हणणं त्या विहिरीपाशी येऊन थांबायचं. "पोरगी बाजेवरच बरी," ते म्हणायचे. कठडा बांधू, असं आई म्हणाली, तर मोठीमायनंच तो विचार उडवून लावला. "या विहिरीले कठडा बांधसाल. गावातल्या बाकीच्या विहिरीले कोन बांधनार? तुमी का हिच्या मांगं मांगं कठडा घेऊन फिरसाल?"

ती नुकतीच धानाच्या रोवणीहून, म्हणजे लावणीहून, आली होती. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत बायका अंधार पडल्यावर घरी येतात, दोन बांध्यांमधल्या, म्हणजे धानाच्या खाचरांमधल्या, अरुंद पारीवरून, एकीमागे एक, अनवाणी. एक पाऊल चुकलं की गुडघाभर चिखलात. मोठीमाय पाय धूत म्हणाली, "अंधारात पारीवरून येतो, तवा आमचे डोये पायते का? पायच पायते ना! हिचे पाय त शाबूत हायेत."

बाबांनी वेळ मारून नेण्यासाठी कबूल केलं. पुढच्या दिवाळीपर्यंत मी कोणाचा हात न धरता ताटीपर्यंत गेले, तर शाळेत घालायचं. नाही जमलं, तर पुन्हा विषय काढायचा नाही.

मग मोठीमाय कामाला लागली. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे मोठ्या बाबांनी, बैलबंडीतून नदीची रेती आणली. ती मागच्या दारापासून पसरली. तिच्यापुढे मूलच्या गिरणीवरून आणलेलं धानाचं तूस. ते वाऱ्यानं उडायचं, कोंबड्या उकरायच्या, म्हणून तिनं उथळ चर खणून दोन्ही काठांना बांबूच्या कामट्या ठोकल्या. त्यापुढे गुळगुळीत गोटे, आणि शेवटी ताटीपर्यंत सागाची वाळकी पानं, पाय पडला की कडकड वाजणारी. विहिरीभोवती मात्र तिनं जाडा, टोकदार मुरूम टाकला. "बोचलं का मांगं फिर. बोचनारं बी आपलंच असते." पहिल्या दिवशी मी रेतीवरच रडत बसले. ती शेजारी बसून शेंगा सोलत राहिली, पण हात काही दिला नाही. केवढी दुष्ट वाटली होती मला!

हळूहळू पाय बोलायला लागले. मग गावातली पोरं जमायला लागली. मोठीमाय त्यांचे डोळे फडक्यानं बांधून वाटेवर सोडायची. "आंधये होऊन पाहा जरा, अक्कल येईल." धीट धीट पोरं तुसावरून भलतीकडे जायची, मुरमात "आई गं" म्हणून उड्या मारायची, आणि मी त्यांना हाताला धरून परत आणायची. वर्षभर मला धरून नेणाऱ्यांना आता मी नेत होते. त्या सुखाची चव अजून जिभेवर आहे.

दिवाळी तोंडावर आली. बाबा मला ताटीपर्यंत चालताना बघणार, त्याच दिवशी सकाळी मोठीमाय मूलच्या बाजाराला गेली आणि आईला सणाची घाई झाली. लक्ष्मी यायची तर परसात हा उकिरडा कसा ठेवायचा? तिनं शेजारणी गोळा केल्या. गोटे उचलले, पानं झाडली, तूस आणि रेती मातीखाली दडपली, विहिरीजवळचा मुरूम कुंपणाबाहेर फेकला आणि सगळं परस शेणानं सारवून काढलं. माझ्या तळव्यांची सालं निघतात, ते तिला बघवत नव्हतं, हेही त्यात होतंच. आमच्याकडे प्रेम उतू गेलं की बाई सारवायला घेते.

मी न्हाऊन मागच्या दारातून बाहेर पडले. पायाखाली काहीच नाही! सगळीकडे सारखं, ओलं, गुळगुळीत. तरी मी पुढे गेले, थोडी वाकडी गेले, आणि थांबले. कुठे आहे ते कळेना. आईला तेव्हा विहीर आठवली. ती ओरडणार, तेवढ्यात नुकत्याच परतलेल्या मोठीमायनं डोक्यावरची टोपली टाकून तिचं तोंड हातानं दाबलं. "हाक नोको मारू, दचकंल थे." हे मला नंतर कळलं. मला तेव्हा फक्त डाव्या गालावर विहिरीचा गारवा लागला. मी उजवीकडे वळले. एके ठिकाणी जमीन दबली... चराची जागा! तिथून पुढे बोटांना लहान लहान खळगे लागले, उचललेल्या गोट्यांचे. मी त्यांच्या मागानं गेले आणि माझा हात ताटीला लागला.

मी संतापून ओरडले, "मोठीमाय, मायी वाट कोनी पुसली वं?"

मोठीमाय तिथेच रडायला लागली. ओल्या सारवणावरून बाबा आले. त्यांनी फक्त माझ्यासाठी ताटी उघडली. त्या संध्याकाळी आई कुंपणाबाहेरचा मुरूम वेचून परत आणत होती.

पुढे मी शिकले, नागपूरला गेले, अंध मुलांना शिकवलं. त्या सगळ्याची सुरुवात त्या ताटीतून झाली.

गावी मोठीमायची तेरवी झाल्यावर मी कित्येक वर्षांनी एकटीच परसात गेले. विहिरीवर आता जाळी आहे, मोटर आहे. इथे आता फरशी असेल, असं धरूनच मी चपला काढल्या. पायाखाली रेती लागली. पुढे तूस... ताजं, कोरडं, औंदाचं.

"विलास, हे कोनं टाकलं?"

"मोठीमायच टाकाले लावे, दरसाली," तो म्हणाला. "म्हने, शेवंता आली आन् वाट नाई गवसली त?"

पन्नास वर्षं नागपूरचे रस्ते एकटीनं ओलांडणारी मी, तिथेच उभी राहून रडले. मग हसूही आलं. बाजेवर येऊन बसले, तर विलासची नात चिऊ जवळ आली. ती काही विचारायच्या आत मी तिचा पाय मांडीवर घेतला आणि तळव्यावरून हात फिरवला.

"नरम हायेत वं," मी म्हटलं. "चपला ठेव इथीच. चाल, तुले वाट दाखवतो."