माठातलं कालचं पाणी

नाशिकला निघण्याआधी मावसबहीण सुनीता फोनवर म्हणाली होती, "ये, द्राक्षाच्या काड्यांचा कागद दाखवते." मला वाटलं, लग्नपत्रिका वगैरे असतील. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, हे मी सोयीस्करपणे विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या गाडीतून दिंडोरीच्या बाजूला निघालो. दोन्हीकडे द्राक्षबागा, थंडी कडाक्याची. वाटेत एका टपरीवर मिसळ खाल्ली. रश्श्यानं डोळ्यांत पाणी आलं. मी कोल्हापूरची असल्यामुळे ते थंडीवर ढकललं.

छाटणीनंतर बांधावर जाळतात त्या काड्या सुनीता गोळा करते. त्यांतले तंतू ती इतके बारीक फोडते की साध्या सूक्ष्मदर्शकालाही सापडत नाहीत. या नॅनोसेल्युलोजला पाण्यातला तांब्याचा अंश चिकटतो. त्याच्या कागदाला रसायन लावलं की तांबं असेल तिथं पट्टी जांभळी होते आणि त्याचाच बोळा करून पाणी गाळता येतं. हे सगळं मी जांभई आवरत ऐकलं.

तिला काड्या देणारे तात्या ओट्यावर वाटच बघत होते. त्यांची मुलगी वैशाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना. तिनं माठातलं पाणी दिलं. मी दोन फुलपात्रं रिचवली.

"लय गोड हाये आमच्या हिरीचं (विहिरीचं) पाणी," तात्या म्हणाले. "डॉक्टरीणबाई म्हणल्या भरपूर प्यायचं, म्हणून मी हिला सारखं पाजतो."

बागेच्या कडेला पिंपात मोरचूद (फवारणीचे निळे खडे, तांब्याचेच) विरघळत होता. विहिरीतलं पाणी ओढणाऱ्या मोटरची नळी त्यात सोडलेली. पिंप भरल्यावर तात्यांनी मला बटण दाबायला सांगितलं. मोटर बंद झाली आणि निळं पाणी हळूहळू खाली जाऊ लागलं. पिंप गळकं आहे म्हणून मी तात्यांची थट्टाही केली.

ओट्यावर परतल्यावर सुनीतानं मला दाखवायला म्हणून माठातल्या पाण्यात पट्टी बुडवली. पट्टी जांभळी झाली. दुसरीही झाली. तिचा चेहरा उतरला. ती उठून पिंपाकडे गेली आणि नळीचं बुडालेलं तोंड बघत राहिली.

"तात्या, मोटर बंद केली की हे पाणी उलटं विहिरीत जातंय. पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह कधीपासून खराब आहे?"

माझ्या पोटातलं पाणी मला आठवलंसुद्धा नाही, वैशालीचं पोटच दिसत राहिलं. "बटण मी दाबलं. चूक माझी आहे," मी म्हणाले.

"नाय मावशी," वैशाली हळूच म्हणाली. "माठातलं पाणी कालचं हाये."

छाटणीपासून प्रत्येक फवारणीला तात्यांनी मोटर अशीच बंद केली होती.

सुनीतानं कळशीभर पाणी बोळ्यातून गाळलं. नवी पट्टी पांढरीच राहिली. "हे कळशीपुरतं झालं. विहीर उपसावी लागेल. तोवर वैशाली माझ्याकडे राहील, आणि आजच डॉक्टरांना दाखवू."

निघताना तात्या बाटली घेऊन धावत आले. लेक कुठंही निघाली की घरचं पाणी बरोबर द्यायची त्यांची सवय. गाडीच्या खिडकीपाशी येऊन ते थबकले. बाटली त्यांनी तिथंच मातीत ओतली आणि रिकामी लेकीच्या हातात दिली. "तिकडं भरून घे," म्हणाले.

वैशालीच्या तपासण्या ठीक आल्या, तेव्हा कुठं मी कोल्हापूरची गाडी धरली. पण वाटभर एकच गोष्ट छळत होती. ते पाणी खरंच गोड लागलं होतं. माझ्या जिभेला काही कळलं नाही, आणि लेकीला रोज आग्रहानं पाजणाऱ्या बापालाही नाही.