पाटलांपुढे ठेवलेला नारळ

हसू नका म्हटलं तर तुम्ही जास्तच हसाल, म्हणून तसं म्हणत नाही. हसा. फक्त हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना शेजारच्या वहिनींनी माझी नवी सतरंजी भिजवली होती.

झालं असं, की आमच्या अलिबागेत मुलींच्या हायस्कुलात नव्या मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी ठरवलं, यंदा संमेलनात झिम्मा-फुगडी नको, मुली कोळी नाच करतील. आठ मुली निवडल्या. त्यांत आमची सुशी, आणि तीही पहिल्या रांगेत.

तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण आधीची संमेलनं या पोरीनं पडदा ओढण्यात काढली होती. एकदा ओढता ओढता स्वतःच त्यात गुंडाळली गेली, आणि त्या दिवशी सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या त्या तेवढ्यालाच. तेव्हापासून संमेलन म्हटलं की ती नखं खायची. आता तीच पोर आरशासमोर कमरेवर हात ठेवून उभी. जेवायला हाक मारली तर नाचत यायची.

मोठ्या बाईंनी आयांना बोलावून बजावलं, "पोशाख अस्सल हवा. लुगडं कसंतरी वर खोचलेलं चालणार नाही. शुक्रवारपर्यंत सोय झाली नाही तर नाच रद्द. मुली स्वागतगीत म्हणतील."

सगळ्या आयांनी माझ्याकडे पाहिलं. का, तर मी व्हर्नाक्युलर फायनल पास. फायनलला लुगडी जमवण्याचा पेपर नसतो, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी आपली "बघते" म्हणून मोकळी झाले.

आमच्याकडे मासळी घेऊन येते ती हिरा. कोळीवाड्यात जाऊन तिलाच विचारावं असं ठरवलं. हे कचेरीचा कोट चढवत म्हणाले, "जा. पण काही मागायला जातेयस, रिकाम्या हातानं जाऊ नकोस."

ते एवढंच म्हणाले. पुढचं शहाणपण माझं. ताटात नागावच्या वाडीतला शेंडीचा नारळ घेतला, त्याला हळदकुंकू लावलं, आणि ताट ओकंबोकं दिसतंय म्हणून शेजारी एक सुपारी ठेवली. हीच ती सुपारी. लक्षात असू द्या.

हिरा बाजारात गेली होती. ओट्यावर कोळीवाड्याचे म्हातारे पाटील जाळं विणत बसलेले. आता आल्यासारखं यांनाच सांगू, म्हणून ताट त्यांच्यापुढे ठेवलं.

"पाटील, शनिवारी चार वाजता शाळेत पोरीचा कोळी नाच आहे. तुमच्या लोकांशिवाय, तुमच्या आठ लुगड्यांशिवाय व्हायचा नाही."

पाटलांनी नारळाकडे पाहिलं, सुपारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमचीच पोर?"

"माझीच. एकुलती एक."

"नि समद्या वाड्याला सांगायचा?"

"हो तर. सगळ्यांनी मिळून केलं तर बरंच." आठ लुगडी एका घरातून कुठली निघायची?

म्हाताऱ्यानं नारळ कपाळाला लावला. "नारल आला. आता तुमी घोर करू नका, बाय."

मी तरंगत घरी आले.

दुसऱ्या दिवशी हिरा दारात टोपली उतरवत म्हणाली, "बाय, तुमच्या हिरीला पानी हाय ना?"

"आहे की." मुली नाचून आल्यावर पाय धुवायला लागेल, मी मनात म्हटलं.

"नि चुली?"

"एक आहे."

हिरा पदर तोंडाला लावून हसली. "एकीवर काय व्हतंय? आमी दगडं मांडू. तुमी अंगन तेवढा सारवून ठेवा."

आता दुसरी कोणीही विचारती, बाई गं, चुली कशाला? मी नाही विचारलं. चुली म्हणजे आठ मुलींचं काजळ धरायला, आणि अंगण म्हणजे तालमीला. शिकलेल्या माणसाला कशाचाही उलगडा स्वतःच करता येतो, ही त्याची मोठी अडचण आहे. अंगण मी स्वतः सारवलं, बरं का.

शनिवारी हिरा आणि तिच्या जावा आल्या, मुलींना झकास लुगडी नेसवली, डोक्यात अबोली माळली. मोठ्या बाई चक्क हसल्या. मी जरा ऐटीत उभी राहते न राहते तोच रस्त्यावरून बँडचा आवाज.

"हा बँड कोणी सांगितला?" मोठ्या बाई.

फाटकातून पाटील आत आले. त्यांच्यामागे लाल टोप्या, जरीचे पदर, कडेवरची पोरं, काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्या, अख्खा कोळीवाडा. बघता बघता खुर्च्या भरल्या. मामलेदारांसाठी राखलेल्या खुर्चीत एक आजी पाय वर घेऊन बसल्या, आणि मामलेदार खांबाला टेकून उभे.

मी हिराला कोपऱ्यात ओढलं. "अगं, हे सगळे का आले?"

"का म्हंजे? पाटलाफुडं नारल-सुपारी कोनी ठेवली? ती ठेवली म्हंजे समद्या वाड्याला आवतान. कार्याला नि जेवनाला."

"जेवणाला?"

"मंग चुली कशाला इचारल्या म्या?"

तेवढ्यात पडदा वर गेला. सुशी पुढे आली, ती गर्दी पाहिली आणि थिजली. पेटी वाजतेय, बाकीच्या वल्हवताहेत आणि ही मधोमध उभी. हात हळूहळू तोंडाकडे निघाला. गेलं, म्हटलं. पुन्हा पडदा ओढायलाच.

मामलेदारांच्या खुर्चीतून आजी ओरडल्या, "आगो पोरी, नखां काय खातेस? वल्हव!" आणि त्यांनी ताल धरला. मग पाटलांनी, मग साऱ्या वाड्यानं. सुशीचा हात तोंडापर्यंत जाऊन परत फिरला, कमरेवर आला, आणि पोर जी सुटली ती पेटीलाही आवरेना. नाच दोनदा करावा लागला. पोरीच्या आयुष्यातला पहिला नाच, आणि मला मात्र डोळ्यांपुढे आमची तांदळाची कणगी दिसत होती.

घरी आले तर अंगणात दगडांच्या चुली पेटलेल्या, त्यांवर कोळीवाड्यानंच आणलेलं म्हावरं रटरटतंय, आणि हे अजून कोटातच, तुळशीपाशी उभे.

"मी रिकाम्या हातानं जाऊ नको म्हटलं होतं," हे शांतपणे म्हणाले. "वाडा घेऊन ये असं नव्हतं म्हटलं."

कणगी तळाला गेली. ते जाऊ द्या. माणूस चुकतो आणि शिकतो. मीही शिकले.

म्हणजे किती शिकले पाहा. शिमग्यानंतर एक दिवस हिरानं नारळ आणून दिला, "पाटलांनी धाडलाय." आता मी का चुकणार? आळीत घरोघर जाऊन निरोप दिला, आहेराची लुगडी काढली, यांना कचेरीतून रजा घ्यायला लावली आणि संध्याकाळी सगळी आळी नटवून कोळीवाड्यात नेली.

पाटील ओट्यावर जाळं विणत होते.

"पाटील, कार्य कुणाकडे आहे?"

"कसला कार्य?"

"असं काय? तुमचा नारळ आला ना."

पाटलांनी माझ्यामागची जरीची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग हळूच विचारलं, "संगाती सुपारी व्हती?"

"नव्हती."

"बाय," पाटील म्हणाले, "त्यो चटनीला धाडलेला."